यंत्रावरचे नाव : आयझॅक सिंगर

आपल्या मंडळाच्या शिवणवर्गात जी जुनी काळी यंत्रे आहेत, त्यांतील कित्येकांच्या अंगावर सोनेरी अक्षरांत एक नाव लिहिलेले आहे. सिंगर हे ते नाव. आपल्या नंदुरबारात, शहाद्यात, तळोद्यात, नवापुरात आजीपासून नातीपर्यंत सर्वांना ते ठाऊक आहे. आठवड्याच्या बाजारात झाडाखाली यंत्र मांडून बसणाऱ्या शिंप्याच्या तोंडीही ते असते. परंतु हे नाव एका हाडामांसाच्या मनुष्याचे आहे, आणि त्याचे आयुष्य मोठे वादळी होते, हे फारच थोड्या भगिनींना माहीत असेल. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून देण्याविषयी मला सांगण्यात आले, तेव्हा या मनुष्याचे चरित्र सांगावे असे मी ठरविले.

जुनी शिवणयंत्रे मिळवून ती पुन्हा चालती करण्याचा मला छंद आहे, हे आपणांपैकी पुष्कळजणी जाणतात. कोणी माळ्यावरचे यंत्र आणून देते, कोणी भंगारवाल्याच्या गाडीवरून माझ्यासाठी सोडवून घेते. आजवर अशी अकरा यंत्रे माझ्या हातून चालू झाली. त्यांतील सात कोणा ना कोणा भगिनीच्या घरी रोज चालत आहेत. यंत्र पुसताना ते सोनेरी नाव उजळून निघते आणि जवळ बसलेली एखादी मुलगी विचारते, की हा सिंगर होता तरी कोण? त्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायचे तर थोडे लांबून सुरुवात करावी लागते.

आपल्या देशात सिंगरविषयी एक गोड गोष्ट प्रचलित आहे. तिला आधार आहे तो प्रत्यक्ष महात्मा गांधींच्या बोलण्याचा. 1924 साली दिल्लीत रामचंद्रन नावाच्या शांतिनिकेतनच्या एका विद्यार्थ्याने गांधीजींना विचारले, की आपण सर्वच यंत्रांच्या विरुद्ध आहात काय? गांधीजींनी समजावून सांगितले, की आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे. माणसाला खरोखर उपयोगी पडणाऱ्या थोड्या यंत्रांत त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राची गणना केली. पत्नी हाताने टाके घालीत तासन्‌तास बसते, तिचे डोळे व बोटे शिणतात, हे सिंगरला पाहवेना, आणि तिच्यावरील प्रेमापोटी त्याने हे यंत्र शोधून काढले, असे त्यांनी सांगितले. मग अशी यंत्रे तयार करायला मोठे कारखाने लागतीलच ना, असे त्या विद्यार्थ्याने पुढे विचारले. त्यावर, असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत, असे गांधीजींचे उत्तर होते.

यंत्र कोणासाठी असावे, याविषयीचा गांधीजींचा विचार आजही मोलाचा आहे. परंतु सिंगरच्या पत्नीची ती गोष्ट मात्र त्याच्या चरित्रात सापडत नाही. ती दुसऱ्याच एका माणसाच्या घरात सापडते. ते कसे, हे आता पाहू.

आयझॅक मेरिट सिंगर याचा जन्म 1811 साली ऑक्टोबरच्या 27 तारखेला अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील पिट्सटाउन या खेड्यात झाला. बाप जर्मनीहून येऊन स्थायिक झालेला, घरची गरिबी, आणि भावंडांत हा आठवा. आयझॅक दहा वर्षांचा असताना आई-बापांची फारकत झाली. बापाने दुसरे लग्न केले. मुलाचे घरात मन रमेना. बाराव्या वर्षी तो घर सोडून रॉचेस्टर शहरी मोठ्या भावाकडे निघून गेला. शिक्षण जेमतेम लिहिता-वाचता येण्यापुरते झाले. एकोणिसाव्या वर्षी एका यंत्रकारागिराच्या हाताखाली तो काही महिने उमेदवारी करीत होता. काम त्याने झटपट उचलले, पण तेथे त्याचे मन टिकले नाही. त्याला खरी ओढ होती नाटकाची. उंच, धिप्पाड देह आणि दणदणीत आवाज असल्यामुळे आपण मोठा नट होणार अशी त्याची खात्री होती.

1830 साली त्याने कॅथरिन हेली या पंधरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. दोन मुले झाली. परंतु फिरत्या नाटक मंडळींच्या पाठीमागे हा गावोगाव हिंडे आणि संसाराकडे त्याचे लक्ष नसे. पुढे बाल्टिमोर शहरात मेरी ॲन स्पॉन्सलर नावाच्या तरुणीशी त्याची ओळख झाली. आपले लग्न झालेले आहे हे त्याने तिला सांगितले नाही, आणि लग्नाचे वचन दिले. खरी गोष्ट कळेपर्यंत तिला परतीची वाट राहिली नव्हती. घटस्फोट घेऊन तुझ्याशी लग्न करीन, या आश्वासनावर तिने पुढची चोवीस वर्षे काढली. त्याच्या दहा मुलांची ती आई झाली. त्याच्याबरोबर रंगभूमीवर उभी राहिली, आणि लोक तिला सिंगरची पत्नी म्हणूनच ओळखत.

पोटासाठी अधूनमधून सिंगर कारागिरीकडे वळे. 1839 साली त्याने खडक फोडण्याचे एक यंत्र तयार करून त्याचे हक्क 2000 डॉलरना विकले. त्या काळी ही रक्कम मोठी होती. त्याने ती सगळी स्वतःची नाटक मंडळी काढण्यात घालविली. काही वर्षांनी मंडळी बुडाली. मग लाकडावर व धातूवर अक्षरे कोरण्याचे यंत्र त्याने तयार केले आणि 1849 साली त्याचे पेटंट, म्हणजे त्या शोधाचा सरकारमान्य हक्क मिळविला. ते यंत्र न्यूयॉर्कच्या ज्या कारखान्यात ठेवले होते, तेथे बॉयलरचा स्फोट होऊन त्याचा चुराडा झाला. एवढ्यात जॉर्ज झीबर नावाच्या एका पुस्तक-प्रकाशकाने त्याच्यावर विश्वास टाकून पैसे घातले, आणि 1850 साली दोघे बोस्टन शहरी आले. ऑर्सन फेल्प्स नावाच्या गृहस्थाच्या कारखान्यात त्यांनी जागा भाड्याने घेतली. तोवर सिंगरचे वय एकोणचाळीस झाले होते, आणि शिवणयंत्राशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिवणयंत्र कोणा एकाने शोधून काढलेले नाही. फ्रान्समध्ये थिमोनिए नावाच्या एका गरीब शिंप्याने 1830 साली एक यंत्र तयार केले, आणि थोड्याच दिवसांत सुमारे 80 यंत्रांवर सैनिकांचे कपडे शिवले जाऊ लागले. आपली भाकर जाईल या भीतीने तेथील शिंप्यांनी कारखान्यात घुसून ती यंत्रे मोडून टाकली. त्यानंतर काही वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर हंट या कल्पक माणसाने टोकाशी नेढे असलेली सुई आणि खालच्या दोऱ्यासाठी धोटा अशी जोडी बसविली. आपल्या हाताच्या सुईला नेढे मागे असते आणि यंत्राच्या सुईला पुढे असते. वरचा दोरा कापडातून खाली जाऊन फास धरतो आणि त्या फासातून खालचा दोरा जातो, तो या युक्तीमुळेच. परंतु हंटने त्या शोधाचे पेटंट घेतले नाही. शिवणकाम करून पोट भरणाऱ्या गरीब बायकांचे काय होईल, या त्याच्या मुलीच्या शंकेमुळे त्याने तो नाद सोडला, असे सांगतात.

तीच युक्ती पुन्हा स्वतंत्रपणे शोधून 1846 साली पेटंट मिळविले ते एलायस हौ या तरुणाने. हा बोस्टनच्या एका कारखान्यात नोकरीला होता. पायाने अधू आणि प्रकृतीने अशक्त. दुखण्यामुळे कामाचे खाडे होत, आणि त्या दिवसांत त्याची पत्नी एलिझाबेथ लोकांचे कपडे शिवून घर चालवी. रात्री उशिरापर्यंत ती टाके घालीत असे आणि हा बिछान्यावरून तिचे हात पाहत असे. पत्नीचे कष्ट पाहून ज्याच्या मनात यंत्राने घर केले, असे म्हणायचे झाल्यास ते या हौविषयी म्हणावे लागेल. 1845 साली बोस्टनमध्ये त्याने पाच वाकबगार शिवणाऱ्या स्त्रियांशी चढाओढ लावून आपले यंत्र जिंकून दाखविले. ते मिनिटाला 250 टाके घाली. पण यंत्र महाग पडे, म्हणून गिऱ्हाईक मिळेना. हौ इंग्लंडला गेला, तेथेही फसला, आणि कफल्लक होऊन परतला, तो एलिझाबेथ क्षयाने मृत्युशय्येवर होती. तिच्या कष्टांतून निघालेल्या यंत्राचे सुख तिला मिळाले नाही. भगिनींनो, गांधीजींनी सांगितलेल्या त्या गोष्टीत जी पत्नी आहे, ती मला तरी ही एलिझाबेथच वाटते.

आता पुन्हा सिंगरकडे वळू. फेल्प्सच्या कारखान्यात दुसऱ्या एका कंपनीची शिवणयंत्रे बनत आणि दुरुस्तीला येत. ती सारखी बिघडत. हे यंत्र सुधारून पाहा, असे फेल्प्सने सिंगरला सुचविले. त्याला आरंभी हे काम अगदीच क्षुल्लक वाटले. शिवणकामामुळे बायका निदान गप्प तरी बसतात, तेही यंत्राने बंद होईल, अशा अर्थाची थट्टा त्याने केल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. पत्नीच्या शिणलेल्या बोटांचा विचार त्याच्या मनात होता असे यावरून तर दिसत नाही. परंतु यात पैसा आहे हे झीबरने व फेल्प्सने पटविले, तेव्हा तो कामाला लागला.

एकदा लागला तो मात्र खाण्या-झोपण्याची शुद्ध विसरून. जुन्या यंत्रात धोटा गोल फिरे, त्यामुळे दोऱ्याचा पीळ सुटे. सिंगरने तो सरळ रेषेत पुढे-मागे जाणारा केला. आडवी चालणारी वाकडी सुई काढून त्याने सरळ सुई उभी बसविली. कापड लोंबते न ठेवता ते सपाट पाटावर ठेवले, आणि सुई वर उठताना कापड तिच्याबरोबर उचलले जाऊ नये म्हणून त्यावर दाब देणारा एक पाय बसविला. झीबरने दिलेल्या 40 डॉलरांत आणि अकरा दिवसांत यंत्र उभे राहिले. अकराव्या रात्री जोडणी झाली, पण टाका काही नीट पडेना. दोघे निराश होऊन घरी निघाले. वाटेत फळ्यांच्या ढिगावर बसले असता झीबरने सहज विचारले, की कापडाच्या वरच्या अंगाला दोऱ्याचे सैल फास राहतात, ते तुमच्या लक्षात आले आहे काय? त्याबरोबर सिंगरला आठवले, की दोरा ताणून धरणारा स्क्रू आवळायचाच राहिला आहे. मध्यरात्री ते परत गेले, स्क्रू पिळला, आणि पाच टाके स्वच्छ पडले. ही हकिकत सिंगरनेच पुढे सांगून ठेवलेली आहे. आपल्या शिवणवर्गातील मुलींचा टाका सैल पडला की त्याही आजतागायत तोच स्क्रू पिळतात.

1851 साली ऑगस्टच्या 12 तारखेला त्याला पेटंट मिळाले. ज्या लाकडी पेटीतून यंत्र गिऱ्हाइकाकडे जाई, तिचाच स्टँड होई, आणि पायाने यंत्र चालविण्याची सोय त्यात केलेली असे. त्यामुळे शिवणाऱ्याचे दोन्ही हात कापड सांभाळायला मोकळे राहिले. कापड पुढे सरकविणारे सुईखालचे दात आज आपण पाहतो ते ॲलन विल्सन नावाच्या दुसऱ्या एका कारागिराच्या बुद्धीचे फळ होय.

यंत्र उभे राहिले, परंतु ज्यांच्या आधारावर राहिले त्यांना सिंगरने दूर केले. फेल्प्सचा हिस्सा थोड्या पैशांत विकत घेतला गेला. झीबर आजारी पडला असता, तू आता जगत नाहीस असे त्याला भासवून अवघ्या 6000 डॉलरांत त्याचा हिस्सा काढून घेतला. झीबर बरा झाला, पण हातचे गेले ते गेलेच. त्याच्या जागी एडवर्ड क्लार्क नावाचा हुशार वकील भागीदार झाला. सिंगरला यंत्र कळे आणि क्लार्कला बाजार कळे.

एलायस हौने आपल्या सुईच्या हक्कासाठी फिर्याद लावली आणि 1854 साली तो जिंकला. सिंगरला 15,000 डॉलर मोजावे लागले. पुढे सगळेच कारखानदार एकमेकांवर खटले भरू लागले, तेव्हा 1856 साली चौघांनी मिळून आपापली पेटंटे एकत्र केली, आणि प्रत्येक यंत्रामागे हौला ठराविक रक्कम मिळू लागली. कफल्लक हौ श्रीमंत झाला. 1867 साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो वारला.

यंत्राची किंमत आरंभी 125 डॉलर होती, आणि त्या काळी तिकडील साधारण कुटुंबाची वर्षाची कमाई 500 डॉलरांच्या आसपास असे. मग सामान्य बाईने यंत्र घ्यावे कसे? क्लार्कने 1856 साली तोड काढली. आरंभी थोडे पैसे भरावे, यंत्र घरी न्यावे, आणि बाकीची रक्कम महिन्याच्या हप्त्याने, यंत्रावर कमावूनच फेडावी. हप्त्याने वस्तू घेण्याची जी पद्धत आज आपल्या घरोघरी आहे, ती जगभर पसरविण्यात या यंत्राचा मोठा वाटा आहे. दुसरी गोष्ट ऐकून माझ्यासारखीचा जीव हळहळतो. जुने यंत्र आणून द्या आणि नव्याच्या किमतीत सूट घ्या, अशी योजना कंपनीने काढली होती. गोळा झालेली ती जुनी यंत्रे पुन्हा बाजारात येऊ नयेत म्हणून फोडून टाकीत. पहिल्या दहा-पाच वर्षांतील यंत्रे आज जगात विरळा आढळतात, याचे हे एक कारण आहे.

खप झपाट्याने वाढला. 1853 साली कंपनीने 810 यंत्रे विकली. 1856 साली 2564, आणि 1873 साली दोन लाखांहून अधिक. यंत्राने वेळ किती वाचतो याची मोजणी 1861 च्या सुमारास दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीने प्रसिद्ध केली होती. पुरुषाचा एक सदरा हाताने शिवायला 14 तास 26 मिनिटे लागत. तोच यंत्रावर 1 तास 16 मिनिटांत होई.

पैसा आला आणि सिंगरचे खासगी आयुष्य उघडे पडले. 1860 साली त्याने कॅथरिनशी घटस्फोट घेतला, आणि तोही तिच्यावरच आरोप ठेवून. आता तरी तो वचन पाळील असे मेरी ॲनला वाटले. पण त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हमरस्त्यावर तिने त्याला दुसऱ्या स्त्रीबरोबर गाडीतून जाताना पाहिले. तिने भर रस्त्यात जाब विचारला. घरी येऊन त्याने तिला व मुलीला मारहाण केली. मेरी ॲनने पोलिसांत फिर्याद दिली आणि त्याला अटक करविली. त्यानंतर त्याचे आणखी संसार उघडकीला आले, आणि तो देश सोडून युरोपात निघून गेला. चरित्रकारांच्या मोजणीप्रमाणे पाच स्त्रियांपासून त्याला 24 मुले झाली. 1863 साली भागीदारी मोडून सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. क्लार्कने या बदनामीला कंटाळून अशी अट घातली, की दोघांपैकी कोणीही दुसरा जिवंत असेतो कंपनीचा अध्यक्ष व्हायचे नाही.

त्याच वर्षी सिंगरने इझाबेला बॉयर हिच्याशी लग्न केले. काही वर्षे पॅरिसमध्ये काढून, 1870 च्या लढाईनंतर तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पेंटन या गावी राहावयास गेला. तेथे त्याने राजवाड्यासारखे घर बांधावयास घेतले, आणि त्यात नाटकशाळाही योजली होती. पण घर पुरे होण्यापूर्वीच 1875 साली जुलैच्या 23 तारखेला तो वारला. मागे कोट्यवधी डॉलरांची मिळकत राहिली. मेरी ॲनने विधवेचा हक्क मागितला, परंतु न्यायालयाने तो इझाबेलाचाच मानला. चोवीस वर्षांच्या संसाराला कायद्याने संसार म्हटले नाही.

सिंगर वारला त्याच वर्षी, 1875 मध्ये, नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी मुंबईत कंपनीची एजन्सी हाती घेतली. हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन एवढा मुलूख त्यांच्याकडे होता. आपला हा भाग तेव्हा अखंड खानदेश जिल्ह्यात मोडत असे. नंदुरबार जिल्हा झाला तो अलीकडे, 1998 साली. मुंबईकडची यंत्रे शिंप्यांच्या दुकानांत आणि मग माजघरांत पोहोचली. पुढे 1885 पासून स्कॉटलंडमधील किलबोवी येथे कंपनीचा अवाढव्य कारखाना चालू झाला. तो 1980 साली बंद पडला. आपल्या घरांतील पुष्कळ जुनी सिंगर यंत्रे त्याच कारखान्यात घडलेली आहेत. 1930 नंतरच्या दशकात कोलकात्यात उषा यंत्रे तयार होऊ लागली आणि देशी यंत्रांचे दिवस आले.

घरी जुने यंत्र असेल तर त्याचे वय काढणे अवघड नाही. पाटाच्या उजव्या अंगाला कोरलेला नंबर पाहावा. नुसते आकडे असतील तर यंत्र साधारण 1900 च्या आधीचे, आणि आकड्यांपूर्वी इंग्रजी अक्षर असेल तर त्यानंतरचे. खालची सरकपट्टी उघडावी. नावेच्या आकाराचे धोटे व त्यात लांबट बॉबिन निघाली तर ते जुन्या धाटणीचे होय. चाक फिरत नसेल तर जोर लावू नये. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे थेंब सोडून रात्रभर ठेवावे, सकाळी चाक हलके हलवावे, निघालेला काळा चिकटा पुसावा, आणि मगच यंत्राचे तेल घालावे. गोडेतेल कधीही घालू नये. ते सुकून डिंकासारखे होते आणि पुष्कळ यंत्रे त्यानेच बसलेली असतात. सोनेरी नक्षीवर पॉलिशपेपर किंवा स्पिरिट लावू नये, नाहीतर नक्षी निघून जाते. तिथे मऊ फडके आणि तेलाचा हात पुरतो. फार जुन्या यंत्रांची खरी अडचण लोखंडाची नसते. त्यांच्या मापाच्या सुया आता तयार होत नाहीत, ही खरी अडचण.

सिंगरची ही सारी हकिकत मी एकदा शिवणवर्गात सांगितली, तेव्हा एका मुलीने मला रोखठोक विचारले. ज्याने बायकांना फसविले, मित्रांना बुडविले, त्याचे नाव तुम्ही एवढे घासूनपुसून कशाला उजळता? दुसरी म्हणाली, की नाव खरवडून टाकावे. तो प्रश्न माझ्या मनात पुष्कळ दिवस राहिला.

मला असे वाटते, की नाव खरवडू नये आणि त्याची पूजाही करू नये. सरळ धोटा, उभी सुई, दाबाचा पाय आणि पायाने चालणारे यंत्र हे त्याचे देणे आहे, आणि ते त्याला दिलेच पाहिजे. त्याहून अधिक त्याला देण्याचे कारण नाही. पत्नीवरील प्रेमाची शोभा त्याला चढविली, की एलिझाबेथ हौ विसरली जाते, मेरी ॲन विसरली जाते, आणि आरंभीचे पैसे पुरविणारा तो भोळा झीबरही विसरला जातो.

आणि विसरली जाते ती आपल्या घरची बाई. तळोद्याकडच्या एका घरातून माझ्याकडे एक यंत्र आले. नातवाने ते भंगारात घालायचे ठरविले होते, आणि भंगारवाला किलोने भाव सांगत होता. त्या घरची आजी तरुणपणी विधवा झाली होती. परकर, पोलकी, झबली शिवून तिने तीन मुले शिकविली, हे मला शेजारणीने सांगितले. यंत्राच्या पाटावर तिच्या डाव्या हाताच्या जागी काळा रंग पार झिजून खालचे लोखंड दिसत होते. सिंगरचे नाव मात्र तसेच स्वच्छ होते, कारण त्याला कोणाचा हात लागत नव्हता. त्या आजीचे नाव यंत्रावर कोठेच नव्हते. तो झिजलेला भाग मी रंगविला नाही. यंत्र चालू झाल्यावर नातवाने ते परत मागितले, आणि आता त्याची पत्नी त्यावर शिवते.

म्हणून या वर्धापनदिनी माझी भगिनींना एक विनंती आहे. घरातील जुने यंत्र विकायचे असो वा ठेवायचे असो, त्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्या : यंत्राचा नंबर, ते घरात साधारण कधी आले ते साल, आणि त्यावर ज्या ज्या बायकांनी काम केले त्यांची पूर्ण नावे. तो कागद यंत्राच्या खणात ठेवावा आणि एक नक्कल मंडळाकडे द्यावी. मंडळाने त्यासाठी एक वही घालावी. माझ्याकडील अकरा यंत्रांपैकी नऊ यंत्रांची अशी नोंद मी केली आहे. उरलेल्या दोहोंच्या मालकिणींची नावे सांगणारे आता कोणी राहिलेले नाही. ज्यांच्या घरी अजून सांगणारी वृद्ध माणसे आहेत, त्यांनी हे काम दिवाळीवर ढकलू नये.